जिभेचा उपास

सोळा दिवस बिनबोभाट गेले.
दूध नाही, लोणी नाही, अंड्याला हात नाही,
दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोटही नाही.
अंकोबेरच्या या चढावर थंडी हाडात शिरते,
तरी रोज पहाटे पांढरी ओढणी डोक्यावरून घेऊन
मी चर्चच्या दाराशी हजर.
चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारत होते,
गेन्नाचा सण येईतो त्रेचाळीस व्हायच्या.
खरं सांगते, त्या रेघांचा मला थोडा तोराही होता.

सतराव्या दिवशी तो पोरगा आला,
अबा हब्तेमरियमच्या पाठशाळेतला,
अंगावर मेंढीचं कातडं, पायात काही नाही.
"मरियमच्या नावानं," म्हणाला
आणि वाळत घातलेल्या जवावर पाय देऊन उभा राहिला.

मी त्याला अख्खी इंजेरा दिली.
अर्धी नव्हे, अख्खी.
सोबत आणखीही वाढलं,
डोळे फुटले का, आईनं शिकवलं नाही का,
फुकटचं खाऊन जनावरासारखे तुडवत फिरता.
त्यानं भाकरी कपाळाला लावली,
नीट घडी घातली
आणि जवाच्या कडेकडेने गेला.

कुंपणापलीकडे मुलुनेशचं दार.
तिच्याकडे काय असणार, मूठभर भाजलेले हरभरे.
पण मला ऐकू आलं,
"ये बाळा, या कोपऱ्यात वारा लागत नाही.
आज काय पाठ झालं? म्हण बघू."
आणि तो म्हणू लागला,
फुटू लागलेल्या आवाजात, अडखळत,
आणि तिनं त्याला कुठेही थांबवलं नाही.
मी इकडे हातात रिकामं सूप घेऊन.

मुलुनेशशी बोलून मला चार वर्षं झाली होती.
माझा इंजेरा भाजायचा मातीचा तवा तिनं नेला,
परत आला तो तडा घेऊन.
ती म्हणाली, आधीचाच.
मी म्हणाले ते इथे लिहीत नाही.
तेव्हापासून माझ्या प्रत्येक भाकरीवर
मधोमध एक रेघ उमटते.
त्या पोराच्या घडीतही ती असणार.

अबा एकदा म्हणाले होते,
पोटाचा उपास गाढवालाही घडतो, गवत संपलं की.
तेव्हा मी सगळ्यांसोबत हसले होते.

त्या संध्याकाळी रेघ मारली नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी,
नक्की सांगता येत नाही, मोजणं सुटलं होतं,
नातवाला म्हटलं, "बिरूक, जा,
पलीकडे सांग, कॉफी ठेवलीय."
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
"जा म्हटलं ना!" मी खेकसले,
मग पुन्हा, हळू, "जा राजा."

ती आली. ओढणीच्या टोकात हरभरे बांधून.
मी बिया भाजल्या, धूर तिच्याकडे वळवला,
तिनं तो हातानं ओढून घेतला.
पहिला पेला कडू, गप्प.
दुसऱ्याला तिच्या गुडघेदुखीची गोष्ट.
तिसरा, बरकतीचा, नेहमीसारखा पातळ.
तव्याचं नाव तिनं काढलं नाही.
मीच काढलं.

क्षमा माग असं मन म्हणत होतं,
पण जीभ तिथवर जाईना,
अजून कच्चीच होती बिचारी.
तोंडातून भलतंच आलं,
"मुलुनेश, गेन्नाला तुझा तवा देशील?
माझ्यावर धड भाजत नाही."

तिनं पेला खाली ठेवला.
"आणि तडा गेला तर?"

मी उत्तर शोधत राहिले.
बाहेर बिरूक अंगणातल्या जवावरून धावत आला,
सगळं पसरलं, दाणे उडाले.
माझं तोंड उघडलं.
मुलुनेश बघत होती.

"हळू रे," मी म्हणाले,
"पायाला टोचतील."